बटणांच्या पुढे शिका!

ड्रीमविव्हर शिकवणारे एखादे नवशिक्यांचे पुस्तक घ्या. मेनू उघडा, चित्र टाका, सेव्ह करा, वेबसाइट तयार! सुरुवातीला असे पुस्तक जरूर वापरावे. पण तिथेच थांबायला आमचा विरोध आहे.

फक्त बटणे पाठ करणारा कायम ऑपरेटरच राहतो. ड्रीमविव्हर मॅक्रोमीडियाचे होते. २००५ मध्ये अ‍ॅडोबीने ती कंपनीच विकत घेतली. सॉफ्टवेअर त्यांचे, परवाना त्यांचा. परवाना संपला की आपले शिकणेही संपणार का? त्यामागची एचटीएमएल भाषा मात्र कुणाच्या मालकीची नाही. वेबचे तंत्र सर्न संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी खुले केले. एचटीएमएल लिहायला साधे नोटपॅड पुरते.

ज्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना अक्षरबंदी होती, त्यांनी अर्धवट ज्ञानावर समाधान का मानावे? दुसऱ्यांच्या वृत्तपत्रांत जागा मागत न बसता बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले. आज आपली वेबसाइट दुसऱ्याच्या हाती का?

मित्रांनो, प्रत्येक धड्यानंतर ‘कोड’ व्ह्यू उघडा. एक ओळ बदला, पान कसे बदलते ते पाहा. मग शिष्यवृत्तीची, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची माहिती देणारे पान स्वतः लिहा आणि वस्तीतल्या आणखी एकाला शिकवा.

जय भीम!