मेलेले जनावर सरकारचे, खाल्लेले पीक कोणाचे?



पौष-माघात वडगाव रासाईच्या बाजूने भीमेच्या काठाकाठाने शिरूर-दौंडचे शिवार बघत चला. नदीकडेला ऊस आणि मका, वर माळाला कोरडवाहू शाळू. कोणाची काढणी उरकलेली, कोणाचा शाळू अजून उभा. ज्याचे रान सगळ्यांत शेवटी उभे राहिले, त्याचे मरण ठरलेले. शेजारची राने मोकळी झाली की साऱ्या शिवारातली जनावरे त्या एका तुकड्यावर येतात. डुकरे उसातून निघतात, ताटे आडवी पाडतात, खातात थोडे, तुडवतात फार. हरणांचा कळप हरभऱ्याचे शेंडे खुडून नेतो. कपाशीच्या मुलखात हेच काम रोही करतो.

कोणी म्हणेल, उशिरा पेरलेच कशाला? परतीचा पाऊस उशिरा आला, वाफसा उशिरा झाला, पेर मागास झाली. पाऊस काही आमच्या हुकमात नाही.

त्यांचा मका, आमचा शाळू

अमेरिकेतही थंडीच्या शेवटी हरणे हेच करतात. बाकी रान उघडे पडले की उभ्या मक्याकडे धावतात. तिथला शिकारी ही खूण ओळखतो. मक्याच्या कडेला, वारा आपल्याकडून हरणांकडे जाणार नाही अशी जागा धरून, दिवस मावळताना दबा देऊन बसतो. त्याच्याजवळ परवाना असतो, हंगाम ठरलेला असतो, किती मारायची तेही ठरलेले असते. अनेक शेतमालक शिकारीच्या हक्काचे भाडे घेतात. बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामी लागतो. म्हणजे हरणाने खाल्लेल्या मक्याचे काहीतरी शेतकऱ्याच्या पदरात पडते. आमच्या पदरात काय पडते? नुसता कडबा, तोही तुडवलेला.

आमच्याकडे शिकार हा राजेरजवाड्यांचा शौक होता. कोल्हापूरचे संस्थानिक चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळवीट धरवीत. संस्थाने गेली, शौक गेला. त्याचे आम्हाला दुःख नाही. पण राखणदाराचा हक्कही त्याबरोबर गेला, हे मात्र मुकाट्याने सोसण्याजोगे नाही.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचे नाव आहे. डुक्कर, रोही यांनी पिकाला धोका केला तर परवानगी घेऊन मारता येते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ही परवानगी देण्याचे काम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. परवानगी कागदावर आली, पण बंदूक कुठून आणायची? १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. किती कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरात असा परवाना आहे, हे या सभेत हात वर करायला सांगून पाहावे.

काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांनी अख्खे रान फस्त केले तरी पिकासाठी म्हणून परवानगी नाहीच. आणि स्वसंरक्षणात वन्यप्राणी मारला गेला तर तो मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता! मेल्यावर मालक सरकार. जिवंतपणी चरतो तेव्हा चारा कोणाचा?

सरकार म्हणते, नुकसान भरपाई आहे. आहे. अर्ज आहे, पंचनामा आहे, वर कमाल मर्यादा आहे. बाजारात गहाळ झालेल्या पोत्याची किंमत पोत्याप्रमाणे होते, शेतात खाल्लेल्या पिकाची मात्र मर्यादेप्रमाणे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचे नुकसान पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून येईल आणि ७२ तासांत मोबाईलवर फोटोसह कळवावे लागेल. चांगले आहे. पण विमा म्हणजे नुकसान झाल्यावरचा उपाय. आम्हाला नुकसान थांबवण्याचा हक्क पाहिजे.

चित्ता आणला, कायदा तिथेच ठेवला

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले. मोठा समारंभ झाला. पण नामिबियात चित्ते टिकले कुठे? बरेचसे शेतकऱ्यांच्या खाजगी रानात. तिथल्या कायद्याने शेतमालकाला आपल्या रानातल्या हरणांवर हक्क दिला, १९९६ साली गावसमूहांनाही दिला. हरीण उत्पन्नाचे साधन झाले, म्हणून शेतकऱ्याने हरीण राखले. सरकारने चित्ता आणला, त्याला जगवणारा विचार मात्र विमानात बसवला नाही.

इथे उलटे. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर-नगरची ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन अभयारण्य म्हणून घोषित झाली. त्यात आमची गावे, आमची राने. पुढे सरकारनेच त्यातला मोठा भाग वगळला. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य फक्त २.१७ चौरस किलोमीटरचे. त्याबाहेरचे काळवीट कोणाच्या रानावर जगले?

प्राणीमित्र विचारतात, मुक्या जीवाला मारायचे म्हणता? या देशात मुक्या जीवांना पिढ्यानपिढ्या पोसले ते शेतकऱ्यांनी. खळ्यावर पाखरांचा वाटा आम्हीच ठेवत आलो. दया करणाऱ्याने ती आपल्या ताटातून करावी, दुसऱ्याच्या कणगीतून नव्हे.

राखण करा म्हणणाऱ्यांनी माळ्यावर एक रात्र काढावी. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याने माणसे मारली. गोफण घेऊन अंधारात कोण जाणार?

एक गोष्ट आपल्याच माणसांना बजावून सांगतो. कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका. तिथे डुकराआधी आपलाच गडी, शेजाऱ्याचे पोर, दावणीचा बैल मरतो, आणि गुन्हाही आपल्यावरच दाखल होतो. फासे आणि गावठी बॉम्बही नकोत. आपली लढाई उजेडात लढायची आहे.

आमच्या मागण्या

१. डुक्कर व रोही मारण्याची परवानगी ग्रामसभेच्या ठरावावर, हंगामापुरती, आगाऊ मिळावी.

२. कायद्याच्या कलम ६२ खाली २०१५-१६ मध्ये बिहारात रोही व डुक्कर, उत्तराखंडात डुक्कर ठराविक भागात, ठराविक मुदतीसाठी उपद्रवी ठरवले गेले. महाराष्ट्रानेही तालुकावार तशी मागणी केंद्राकडे करावी.

३. काळवीट-चिंकारा राखायचे असतील तर त्यांच्या चराईचे भाडे एकरी मोजून द्यावे. ती भीक नव्हे, ते भाडे.

४. भरपाईवरची कमाल मर्यादा काढून बाजारभावाने पूर्ण किंमत द्यावी.

५. राखणीच्या बंदुकीच्या अर्जावर ठराविक मुदतीत निर्णय द्यावा.

तोवर गावाने आपल्या हातात आहे ते करावे. पेर आणि काढणी शक्यतो एकदम धरा, कोणा एकाचे रान मागे एकटे उभे राहू देऊ नका. ज्याचे मागास आहे त्याच्या काढणीला सावड घाला. नुकसान झाले की प्रत्येकाने लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, नक्कल पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. एका अर्जाला कचेरीत कोणी विचारत नाही. गठ्ठा आला की साहेबाला खुर्चीतून उठावे लागते.