आकाशाची रोजनिशी

पाऊस वेळेवर आला की आपण देवाचे आभार मानतो, न आला की दैवाला बोल लावतो आणि ऊन तापले की ‘यंदाचा उन्हाळा भारीच’ असे म्हणून मोकळे होतो. हवामान ही वरून येणारी गोष्ट, तिच्यात माणसाचा हात तो कसला, अशी आपली जुनी समजूत आहे. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. वारा आणि मेघ आपल्या आज्ञेत नाहीत, हे कबूल. परंतु ज्या नगरात आपण राहतो, तेथील हवेचा काही अंश आपण स्वतःच घडवीत असतो. विशेष हे की, ही गोष्ट प्रथम उजेडात आली ती एका साध्या नोंदवहीमुळे.

ल्यूक हॉवर्ड हा लंडनचा गृहस्थ. त्याचा जन्म १७७२ सालचा. औषधे व रसायने तयार करणे हा त्याचा व्यवसाय आणि आकाश न्याहाळणे हा त्याचा छंद. १८०२ साली त्याने ढगांचे प्रकार पाडून त्यांना नावे दिली. सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही त्याने दिलेली नावे आजही जगभर चालतात. पण त्याचे याहून मोलाचे काम चिकाटीचे आहे. लंडनबाहेर राहून त्याने वर्षानुवर्षे तापमान टिपले आणि ते शहरात घेतलेल्या नोंदींशी ताडून पाहिले. १८१८ व १८२० साली त्याने लंडनच्या हवामानावर दोन खंड प्रसिद्ध केले. त्याला असे आढळले की, रात्री शहर हे बाहेरच्या खेड्यांपेक्षा सरासरीने सुमारे दोन अंश सेल्सिअस अधिक उष्ण असते. दिवसा मात्र ते किंचित थंडच असते. नुसत्या अंगाच्या जाणिवेवर विसंबणाऱ्याला हा भेद कधीच कळला नसता.

असे का व्हावे? माती आणि झाडे पाण्याची वाफ करतात. त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. दगड, डांबर आणि सिमेंट यांना ही विद्या अवगत नाही. ते दिवसभर ऊन साठवितात आणि रात्री हळूहळू परत करतात. उंच इमारतींच्या गर्दीत वारा अडतो. त्यातच चुली, यंत्रे आणि वाहने आपापली उष्णता ओततात. दिवसभर उन्हात राबलेल्या मजुराच्या देहाला रात्रीचा गारवा हाच खरा विसावा. पत्र्याच्या छपराखाली त्याला तोही मिळाला नाही, तर त्याच्या जिवावर बेतते. म्हणून एखादे जुने झाड तोडले जाते तेव्हा केवळ दुपारची सावली जाते असे नाही. कोणाच्या तरी रात्रीच्या झोपेतला गारवाही जातो.

नगराचा हा प्रभाव उष्णतेपुरताच थांबत नाही. अमेरिकेतील सेंट लुईस शहराभोवती शास्त्रज्ञांनी १९७१ ते १९७५ या काळात पर्जन्यमापकांचे दाट जाळे पसरून अभ्यास केला. वारा शहरावरून ज्या बाजूस वाहत जातो, त्या बाजूच्या प्रदेशात उन्हाळ्यातील पाऊस अधिक पडतो, असे त्यांना दिसून आले.

पाऊस एकाच शहरात किती निराळा असू शकतो, हे मुंबईने २६ जुलै २००५ रोजी अनुभवले. त्या वेळी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिलिमीटर. त्या जलप्रलयात शेकडो माणसे प्राणांस मुकली. तो पाऊस शहराच्या उष्णतेने पडला असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु एका ठिकाणच्या मापावरून साऱ्या नगराचे संकट कळत नाही, हा धडा त्याने दिला. त्यानंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसविण्यात आली.

यावर कोणी म्हणेल, “आज आकाशात उपग्रह आहेत, जमिनीवर रडार आहेत. मग शाळकरी मुलांच्या वहीला काय किंमत?” आक्षेप वजनदार आहे. परंतु उपग्रह दुरून पाहतो. त्याचे पाहणे खरे की खोटे, हे शेवटी जमिनीवरच्या मापानेच ताडावे लागते. शिवाय आपल्या गल्लीतील रात्र पलीकडच्या आमराईपेक्षा किती उष्ण आहे, हे आपणच मोजले पाहिजे. मोजल्यावाचून केलेली तक्रार ही नुसती कुरकुर ठरते. मोजून केलेली तक्रार हा पुरावा होतो.

म्हणून माझे मत असे की, प्रत्येक शाळेत हवामानाची नोंदवही असावी. तापमापक सावलीत आणि मोकळ्या हवेत टांगावा. तापलेल्या भिंतीला चिकटवू नये. पर्जन्यमापक झाडांपासून व इमारतींपासून दूर, उघड्या मैदानात ठेवावा. आपल्या देशातील वेधशाळांप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजावा. एखाद्या दिवशी नोंद राहिली, तर ती जागा कोरी सोडावी. अंदाजाने आकडा भरू नये. खोट्या आकड्यापेक्षा कोरी जागा अधिक प्रामाणिक असते.

मुलांनो, एका दिवसाची नोंद क्षुल्लक वाटेल. पण वर्षामागून वर्षे साठली की तीच गावाची साक्ष होते. उद्या तुमच्या गावात तळे बुजवावे की राखावे, झाड तोडावे की वाचवावे, असा प्रश्न उभा राहील. तेव्हा मोठ्या आवाजापेक्षा ही वहीच अधिक ठामपणे बोलेल.