चरबीची गाठ : निदानाआधी निकाल नको



माझ्या नावामागे डॉक्टर लागते ते रसायनशास्त्रातले, औषधोपचारातले नव्हे. तरीही या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात.

पोटाच्या स्कॅनमध्ये चरबीची मोठी गाठ दिसली की आपल्या घरांत दोनांपैकी एक गोष्ट घडते. कोणी लगेच कॅन्सर ठरवून मोकळे होतात, तर कोणी 'चरबीच तर आहे, दंडावर नाही का असते' म्हणून पुढची तपासणी टाळतात. माझ्या मते दोन्ही चूक.

कातडीखालचा लायपोमा सर्रास आढळतो व निरुपद्रवी असतो. पोटाच्या मागच्या बाजूला, मूत्रपिंडाच्या आसपास मात्र हिशेब उलटा. तिथे साधा लायपोमा फार दुर्मीळ, लायपोसार्कोमा हा कॅन्सर त्याहून अधिक. म्हणून डॉक्टर आधी संशय घेतात, ते योग्यच आहे.

सीटी स्कॅनच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, चरबी साधारण उणे १००. गाठीत चरबी आहे हे यंत्र सांगते; ती साधी की कॅन्सरची, हे दर वेळी सांगू शकत नाही. अॅड्रिनल ग्रंथीतला मायलोलायपोमा बहुधा स्कॅनवरच ओळखतो. मूत्रपिंडातला अँजिओमायोलायपोमाही बहुतेक वेळा निरुपद्रवी, पण मोठा झाल्यास त्यातून रक्तस्राव होऊ शकतो.

सूक्ष्मदर्शकाखालीही साधी चरबी आणि सौम्य दिसणारा लायपोसार्कोमा यांत गफलत होते. तिथे एमडीएम२ या जनुकाची चाचणी उपयोगी पडते. निरोगी पेशीत त्याच्या २ प्रती असतात, या कॅन्सरमध्ये कितीतरी जास्त. जनुकाला चमकणारा रेणू चिकटवायचा आणि ठिपके मोजायचे, एवढेच तत्त्व. मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावरही ही चाचणी होते.

तेव्हा पुण्याच्या डॉक्टर भाच्याला फोनवर रिपोर्ट वाचून दाखवण्याआधी इथल्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. तुकडा काढला असेल तर सार्कोमाच्या जाणकार पॅथॉलॉजिस्टने स्लाइड पाहिल्या का? एमडीएम२ तपासले का? शस्त्रक्रियेआधी सर्जन, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांचा एकत्र विचार झाला का? लायपोसार्कोमा पहिल्याच वेळी पूर्ण निघणे फार महत्त्वाचे असते. अर्धवट काढला तर तो पुन्हा वाढतो.

आणि हे प्रश्न रुग्णासमोरच विचारा. आईबाबांपासून 'तो शब्द' लपवण्याची आपली रीत प्रेमापोटीच आहे. पण जो शब्द अजून ठरलेलाच नाही, तो लपवायचा कशाला? पोट त्यांचे आहे, तपासणीचा निर्णयही त्यांचाच असावा.

कळावे.