बालकांच्या मनोवेगांना शब्द : वैद्याचे एक दुर्लक्षित कर्तव्य

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय आपल्यापैकी प्रत्येकाने कौमारभृत्य शिकताना अभ्यासलेला आहे. ज्या बालकाला बोलता येत नाही त्याची वेदना वैद्याने कशी ओळखावी, याचे सूक्ष्म मार्गदर्शन त्यात आढळते. कर्णशूल असलेले बालक हातांनी कान चोळते, शिरःशूल असलेले मस्तक इकडे-तिकडे हलविते, उदरशूल असलेले स्तनपान सोडून रडते. परंतु जे बालक बोलू लागले आहे, दूध, पाणी, चेंडू यांची नावे घेऊ लागले आहे, आणि तरीही ज्याच्यापाशी भीती, मत्सर, विरह यांसाठी शब्द नाही, त्याची वेदना कोणी ओळखावी? आमच्या मते हा प्रश्न आज प्रत्येक वैद्याच्या आणि औषधालयाच्या दारात उभा आहे.

भिवंडी तालुक्यातील राहनाळ परिसरात व्यवसाय करताना तो आम्हांस वारंवार भेटतो. एके काळच्या या भातशेतीच्या भागात आज अंजूर फाट्यापर्यंत गोदामांच्या रांगा आहेत. शेजारच्या भिवंडीत यंत्रमागांची खडखड आहे. मूळच्या आगरी कुटुंबांच्या जोडीला उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेली कुटुंबे येथे राहतात. घरातील भाषा एक, गल्लीतील दुसरी आणि अंगणवाडीतील तिसरी, अशी अनेक बालकांची स्थिती असते. वडील पाळीवर जातात, आई कामात गुंतलेली असते आणि आजी-आजोबा गावी राहिलेले असतात. ज्यांच्या मांडीवर बसून मूल गोष्टी ऐकते, आणि गोष्टींतून 'रुसला', 'भ्याला', 'हिरमुसला' हे शब्द उचलते, ती माणसेच घरात नसतात.

अशा घरांतील माता तक्रारी घेऊन येतात त्या ठराविक शब्दांत : पोट दुखते, जेवत नाही, हट्टी आहे, चावतो, रात्री दचकतो. औषधालयात जंताचे औषध मागितले जाते आणि 'हट्टीपणावर काहीतरी' हेही मागितले जाते. साडेतीन-चार वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण येथे पुरेसे आहे. तिची पोटदुखी दर सकाळी अंगणवाडीच्या वेळी सुरू होई आणि दुपारी थांबे. तपासणीत दोष आढळला नाही, मलप्रवृत्ती व भूक प्राकृत होती. आजी गावी परतल्यापासून हे सुरू झाले, असे विचारपूस केल्यावर कळले. "आजीवाचून करमत नाही का?" असे विचारताच मुलीने मान हलविली, आणि पुढील भेटीत तो शब्द तिने स्वतः वापरला. पोटदुखी एका दिवसात गेली नाही. मात्र आईला दुखण्याचा पत्ता सापडला, आणि आजीशी रोज फोनवर बोलणे सुरू झाल्यावर महिनाभरात औषधाविना ती ओसरली.

यात चमत्कार नाही. पोटात गोळा येणे, घशात आवंढा दाटणे, छातीत धडधडणे हे मराठीतील भावनांचे शब्दच शरीराचा पत्ता सांगतात. मोठा माणूस 'पोटात गोळा आला' म्हणतो तेव्हा आपण भीती समजतो; मूल 'पोटात दुखते' म्हणते तेव्हा आपण जंत समजतो. भयज व शोकज अतिसार चरकाने वर्णिले आहेत, आगंतू ज्वरातही भय-शोकांची गणना आहे. मन व शरीर यांचा हा संबंध आपल्या शास्त्राला नवा नाही.

येथे काही वैद्यबंधू शंका घेतील. चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या इत्यादी मनोवेग धारणीय सांगितले आहेत. मग मुलाला ते बोलून दाखविण्यास शिकविणे शास्त्रविरुद्ध नव्हे काय? आमचे उत्तर त्याच अध्यायात आहे. तेथे तेरा अधारणीय वेगही सांगितले आहेत आणि त्यांत बाष्प, म्हणजे अश्रूंचा वेग, समाविष्ट आहे. तो अडविल्याने प्रतिश्याय, अक्षिरोग, हृद्रोग, अरुची व भ्रम संभवतात. घरोघरी मात्र नेमके उलटे घडते. 'शहाणी मुले रडत नाहीत' म्हणून अश्रू अडविले जातात, आणि तोच अडलेला शोक पुढे चावण्या-मारण्यात बाहेर पडला की 'हट्टी' हे विशेषण चिकटते. अश्रूंना वाट द्यावयाची आणि क्रोधाच्या कृतीला आवर घालावयाचा, हा विवेक मुलाने करावयाचा तर त्याला दोहोंची ओळख हवी. ज्या वेगाचे नाव ठाऊक नाही तो धारण कसा करावयाचा? 'मला राग आला आहे' असे म्हणू शकणारे मूल हात उगारण्यापूर्वी क्षणभर थांबू शकते. धारणाचा आरंभ त्या क्षणात आहे. बाष्पनिग्रहाच्या चिकित्सेत चरकाने प्रिय कथांचाही निर्देश केला आहे, हे येथे विशेष लक्षणीय आहे.

आधुनिक संशोधनाची दिशाही हीच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्रातील चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिला असता मेंदूतील अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावते, असे दिसून आले. तो अभ्यास प्रौढांवरील होता, हे ध्यानात ठेवून त्याचे मोल करावे.

शब्द कोणत्या भाषेतील असावेत? या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यानेच दिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि १९५७ पासून ते अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे विस्तारले. ही दोन्ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. भावनांच्या शब्दांनाही हाच न्याय लागू आहे. आगरी घरात 'भ्या वाटतंय', हिंदी भाषिक घरात 'मन नहीं लगता', तेलुगू वा उर्दू भाषिक घरात त्यांचा-त्यांचा शब्द. प्रमाण मराठीचा आग्रह येथे अप्रस्तुत होय.

प्रत्यक्षात काय करता येईल, यासंबंधी काही सूचना आम्ही नम्रपणे मांडतो.

पहिली : शारीरिक कारणाचा विचार आधी व्हावा. वजन घटणे, ज्वर, मलातून रक्त, वारंवार वांती, झोपेतून उठविणारा शूल ही लक्षणे असता भावनांची चर्चा नंतरची. ज्या बालकाचे बोलणेच लांबले आहे त्याची श्रवणक्षमता तपासून घ्यावी.

दुसरी : आईला इतकेच सांगावे की दिवसातून दोनदा-तीनदा प्रसंगाला शब्द द्यावा. 'खेळणे मोडले म्हणून वाईट वाटले ना?' एवढे पुरे. आरंभी राग, भीती, आनंद, दुःख हे चार शब्द; पुढे रुसवा, हेवा, लाज, कंटाळा. आईने स्वतःचीही भावना सांगावी : 'मी दमले आहे, म्हणून चिडले.' मुलाने चुकीचा शब्द वापरला तरी टोकू नये.

तिसरी : 'डॉक्टर सुई टोचतील' ही धमकी आपल्या चिकित्सालयातून हद्दपार व्हावी. रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, असे चरकाने शारीरस्थानात स्पष्ट बजावले आहे. आजच्या बालकाच्या लेखी तो राक्षस पुष्कळदा आपणच असतो.

चौथी : अनेक वैद्य पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन करतात. त्या दिवशी निरोगी बालके मातांसह एकत्र येतात व बराच वेळ प्रतीक्षेत बसतात. तो वेळ एका गोष्टीला द्यावा, आणि शेवटी 'त्या सशाला काय वाटले असेल?' एवढेच विचारावे. खर्च शून्य आहे.

पाचवी औषधालयचालकांसाठी : 'हट्टीपणावर' म्हणून बाटली मागणाऱ्या मातेला ती देण्यापूर्वी 'हे केव्हापासून? घरात काही बदल झाला का?' हे दोन प्रश्न विचारावेत आणि तिला वैद्याकडे पाठवावे. एक बाटली कमी खपेल. पण ते गिऱ्हाईक पुढे विश्वासाने येईल. मेध्य कल्पांचे स्थान आम्ही नाकारीत नाही. विरहावर ब्राह्मी हा उपाय मात्र नव्हे.

अखेरची बाब सर्वांत गंभीर आहे. एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी बालकाच्या मनात अचानक भय उत्पन्न झाले तर ते हसण्यावारी नेऊ नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती वा आशंका असणाऱ्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि वैद्य त्यास अपवाद नाही. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक चिकित्सालयात लावलेला असावा. 'मला त्यांची भीती वाटते' हे वाक्य ज्या मुलाला येत नाही, ते स्वतःचे रक्षण करण्यास असमर्थ राहते.

वेदनाध्याय रचणाऱ्या आचार्यांनी मूक बालकाकडे बारकाईने पाहिले, म्हणून त्याची वेदना जाणली. बोलक्या बालकासाठी त्यापुढे एक पाऊल टाकणे, म्हणजे त्याची वेदना त्याच्याच मुखातून येईल इतके शब्द त्याला मिळवून देणे, हे आपले काम आहे. पुढील पुष्य नक्षत्रापासून त्याचा आरंभ करण्यास कोणतीही अडचण दिसत नाही.