परसातल्या तळ्याचे पाणी

मोलगी भागात घरे दाटीने नसतात. पाड्यावर एक घर अलीकडे, दुसरे पलीकडच्या टेकाडावर, आणि घराभोवती त्याच घरचे शेत. त्यामुळे शेततळे खोदले की ते बहुधा परसातच येते. २०१६ साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, तेव्हापासून राज्यात अशी तळी पुष्कळ झाली. तळे खोदावे कसे हे सांगणारे भेटतात, पण भरलेले पाणी चांगले राखावे कसे, याची विचारपूस कमीच. म्हणून या खेपेस तो विषय घेतला आहे.

सातपुड्यात तळ्याचा पहिला वैरी पालापाचोळा. उन्हाळ्याच्या तोंडाशी साग, पळस, मोह अंगावरचे पान टाकतात. ते उतारावर साचून राहते आणि मृगाच्या जोरदार सरीबरोबर गाळासकट तळ्यात उतरते. सागाचे पान मोठे आणि चिवट. नर्मदेपलीकडे, आजच्या अलीराजपूर जिल्ह्यातल्या भिताडा गावी नाल्यावर दगड रचून, फटी सागाच्या पानांनी व चिखलाने बुजवून पाटाने पाणी नेण्याची भिल्ल शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. बांधाला उपकारक असलेले हेच पान तळ्याच्या तळाशी बसले की घात करते.

पान कुजताना पाण्यातली हवा खाते. दिवसा पाण्यातले शेवाळ उन्हावर नवी हवा तयार करते, म्हणून तेव्हा कळत नाही. रात्री शेवाळ, मासे आणि कुजणारा पाला, सगळेच ती हवा वापरतात. पहाटे ती सर्वांत कमी असते. रोहू-कटला पहाटे वर येऊन तोंड वासू लागले, पाणी काळ्या चहासारखे दिसू लागले किंवा तळातून सडक्या अंड्याचा वास आला, तर तळ्याचा श्वास कोंडला आहे असे समजावे. झडीच्या दिवसांत ऊन नसल्याने हे लवकर होते. अशा वेळी माशांचे खाद्य आणि तळ्यात टाकायचे शेण दोन्ही ताबडतोब थांबवावे. इंजिन किंवा मोटर असेल तर तळ्याचेच पाणी उचलून उंचावरून, भोके पाडलेल्या पत्र्यावर पाडावे. थेंब फुटून पडले की हवा मिसळते. यातले काहीच नसेल तर दोघांनी काठावर उभे राहून लांब बांबूने पाणी खळबळावे. मात्र तळाचा गाळ ढवळू नये.

पण खरे काम पाणी आत येते तिथेच आहे. तोंडाशी दीड-दोन हात खोल खड्डा घ्यावा, म्हणजे गाळ तिथेच बसतो. खड्ड्याच्या पुढे वाळू चाळायची जाळी तिरपी बसवावी. पान जाळीवर अडते, पाणी खालून जाते. मोठ्या पावसानंतर दर वेळी जाळी झाडलीच पाहिजे. तुंबली तर पाणी बाजूने वाट काढून बांध कापते. पावसाळ्याआधी वरच्या उताराचा पाला झाडून खतखड्ड्यात टाकावा. खताचे खत होते आणि तळेही वाचते.

जो पाला तरीही येतो, तो वाऱ्याने एका काठाला लागतो. पावसाळी वारा पश्चिमेकडचा, म्हणून बहुधा पूर्वेचा काठ. दऱ्याखोऱ्यांत वारा वळतो, तेव्हा चार दिवस पाहूनच सांडवा त्या बाजूला ठेवावा. जुनी मच्छरदाणी दोन बांबूंना बांधून दोघांनी समोरासमोरच्या काठांवरून ओढली, तर अर्ध्या तासात तळे निवळते.

तळाचे घाण पाणी काढायला डोंगरउताराचा चांगला उपयोग होतो. रबरी नळी पाण्याने पूर्ण भरून दोन्ही टोके दाबून धरावीत. एक टोक तळ्यात सोडावे आणि दुसरे तळ्याच्या पाण्याहून बरेच खाली, शेतात नेऊन उघडावे. विजेशिवाय पाणी वाहू लागते. तळ्यातल्या टोकाला जाळी बांधावी आणि ते तळापासून वीतभर वर राहील असे टांगावे. हे पाणी भाजीपाल्याला चांगले. वरून ताजे पाणी येत असेल, तर तळ्यातले पाणी सावकाश बदलत राहते. मातीच्या तळ्यात गुंठ्याला दोन-अडीच किलो चुना पाण्यात कालवून शिंपडला, तर तळाची आंबट माती सुधारते. तळे कागदाचे असेल तर गाळ काढायला फावडे-कुदळ वापरू नये. कागद एकदा फाटला की सगळी मेहनत वाया.

आता मायबहिणींसाठी विशेष, कारण पाला काढायचे काम बहुधा त्यांच्या आणि पोरांच्या वाट्याला येते. कागदी तळ्याचा काठ शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंना पक्की खुंटी ठोकून, हातहात अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवावा. टायरची फुगवलेली ट्यूब काठावरच असू द्यावी. एकट्याने पाल्याला हात घालू नये. कोणी घसरलेच तर मागोमाग उडी मारू नये, दोर किंवा ट्यूब फेकावी. तळ्याभोवती काटेरी कुंपण घालून फाटकाला कडी लावावी, आणि ती कडी लहान पोराच्या हाताला लागणार नाही इतकी उंच असावी.