अर्धे राहिलेले नृत्य

बर्फावर नाचणे हासुद्धा एक खेळ आहे, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. आपल्याकडे बर्फ दिसतो तो सरबताच्या गाडीवर किंवा मासळीच्या पेटीत. थंड देशांत मात्र क्रीडागृहांत बर्फाचे गुळगुळीत मैदान तयार करतात. खेळाडूच्या बुटांखाली पोलादी पाते असते. एक तरुण आणि एक तरुणी त्या पात्यांच्या कडांवर तोल सांभाळत संगीताच्या तालावर नाचतात. परीक्षक त्यांच्या पावलांना आणि एकमेकांशी असलेल्या मेळाला गुण देतात. या खेळाला आपण हिमनृत्य म्हणू. ऑलिम्पिकमध्ये तो 1976 पासून आहे. मोठ्या स्पर्धेत जोडीला दोनदा नाचावे लागते. आधी ठरलेल्या तालाचे नृत्य, नंतर मुक्त नृत्य. दोन्हींच्या गुणांची बेरीज म्हणजे निकाल.

ओलेक्सांद्रा नाझारोवा आणि माक्सिम निकितिन ही युक्रेनच्या खार्किव शहरातील जोडी. 2018 आणि 2022 अशा दोन हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धांत ती नाचली. दुसरी स्पर्धा बीजिंगला झाली आणि 20 फेब्रुवारी 2022 रोजी संपली. त्यानंतर चारच दिवसांनी, 24 फेब्रुवारीला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला. खार्किव रशियाच्या सीमेपासून फार तर 40 किलोमीटर. पहिल्या दिवसापासून तेथे तोफगोळे पडू लागले. खार्किवचे नाव तुम्ही कदाचित ऐकले असेल. भारतातील शेकडो मुले तेथे डॉक्टरकी शिकत होती. कर्नाटकातील एक विद्यार्थी तेथे 1 मार्चला मारला गेला. बाकीची मुले कशीबशी सीमेपर्यंत पोहोचली आणि विमानांनी मायदेशी परतली. त्यांना परतायला मायदेश होता. खार्किवच्या लोकांचा मायदेश तोच होता.

मार्चच्या अखेरीस फ्रान्समधील माँपेलिए येथे जागतिक स्पर्धा होती. युद्धामुळे 18 ते 60 वयाच्या पुरुषांना युक्रेन सोडण्याची बंदी होती, म्हणून खेळाडूला खास परवानगी लागे. नाझारोवा आणि निकितिन तेथे पोहोचले. त्यांनी नेहमीचे संगीत बाजूला ठेवून युक्रेनी संगीत निवडले आणि चमचमत्या पोशाखाऐवजी निळ्या-पिवळ्या साध्या कपड्यांत पहिले नृत्य केले. त्यांच्या देशाच्या झेंड्याचे हेच दोन रंग. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुक्त नृत्याला मात्र ही जोडी उतरली नाही. त्यांच्याच देशाचा इवान श्मुरात्को हा एकटा नाचणारा खेळाडू सरावाच्या कपड्यांत उतरला. त्यानेही पहिल्या भागानंतर माघार घेतली.

तुमच्यापैकी कोणी विचारील, "सर, शहर जळत असताना परदेशात जाऊन नाचायचे? हे शोभते का?" प्रश्न चुकीचा नाही. तरी माझे मत असे, की ते गेले हे योग्यच केले. निर्वासित माणसाचे घर जाते, हे सगळ्यांना दिसते. त्याचे कामही जाते, हे चटकन दिसत नाही. सुतार आपली हत्यारे घेऊन दुसऱ्या गावी जाऊ शकतो. हिमनृत्य करणाऱ्याला बूट नेता येतात, मैदान नेता येत नाही. त्याला बर्फ हवा, बर्फ गोठता ठेवायला वीज हवी, उस्ताद हवा आणि जोडीदार हवा. यांतले एक जरी तुटले तरी सराव थांबतो. मराठीत ज्याला आपण हुन्नर म्हणतो, तोच तुमचा हुनर. तो अंगात मुरायला पंधरा-वीस वर्षे लागतात आणि वापरायला तरुणपणाची थोडीच वर्षे मिळतात. युद्ध संपेपर्यंत थांबा, असे त्या मुलीला कोण आणि कोणत्या हक्काने सांगणार?

मैदानांचीही काय दशा झाली पाहा. सेव्हेरोदोनेत्स्कचे हिमक्रीडागृह 2022 मध्ये उद्ध्वस्त झाले. द्रुझ्किव्का गावातील 'अल्ताईर' नावाचे क्रीडागृह 2 जानेवारी 2023 रोजी क्षेपणास्त्राने कोसळले. त्याच जानेवारीत दिमित्रो शारपार हा जोडीने स्केटिंग करणारा खेळाडू बाखमुतजवळ लढताना मरण पावला. वय फक्त 25. 2016 च्या युवा ऑलिम्पिकमध्ये तो खेळला होता. काही लोक त्याची आणि माँपेलिएला नाचणाऱ्यांची तुलना करतात. एक खरा शूर, दुसरे पळपुटे, असे म्हणतात. मला ही तुलना पटत नाही. त्याच्या मरणाचा आदर करण्यासाठी दुसऱ्यांच्या जगण्याला नावे ठेवण्याची गरज काय?

दुसरा प्रश्न रशियाच्या खेळाडूंचा. 1 मार्च 2022 रोजी आंतरराष्ट्रीय संघटनेने रशिया व बेलारूसच्या स्केटिंग खेळाडूंवर बंदी घातली. पुढे 2026 च्या ऑलिम्पिकसाठी काही मोजक्या खेळाडूंना देशाच्या झेंड्याविना, अटींवर परवानगी मिळाली. सोळा-सतरा वर्षांच्या रशियन मुलीने युद्ध सुरू केले नाही, हे खरे. पण तिचे बर्फाचे मैदान शाबूत होते, हेही खरे. हा वाद वर्गात जरूर घाला. माझा कल कोणाकडे आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल.

नाझारोवा आणि निकितिननंतर युक्रेनच्या दुसऱ्या तरुण जोड्या जागतिक स्पर्धेत उतरल्या. त्यांतल्या अनेकांचा सराव परदेशी चालतो, कोणाचा जर्मनीत, कोणाचा आणखी कोठे. निकालपत्रात नावापुढे मात्र युक्रेन असेच लिहिलेले असते.