रात्र पाण्यावर काढायची, तर...

सध्या आमच्या सोसायटीत व्हिएतनामचं वारं आहे. मुंबईहून हनोईला थेट विमानं जाऊ लागल्यापासून दर सुट्टीत कुणी ना कुणी हा लाँगच्या उपसागरात बोटीवर एक रात्र काढून येतं आणि आल्यावर चहाला बोलावून फोटो दाखवतं. फोटो खोटे नसतात. हिरव्यागार पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके, अशी दीडएक हजाराहून अधिक बेटं. १९९४ साली युनेस्कोने हा जागतिक वारसा ठरवला. नावाचा अर्थ 'उतरणारा ड्रॅगन'. जरूर जावं. प्रश्न एवढाच, की कोणत्या बोटीतून?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. एक तर मी जाऊन आलो आहे. दुसरं म्हणजे बँकेत असताना मालवणच्या शाखेत मी मच्छीमारांना ट्रॉलरसाठी कर्जं दिली आहेत. पहिल्या पाहणीच्या वेळी मी एका ताज्या रंगवलेल्या बोटीकडे कौतुकाने बघत होतो. शेजारी उभा असलेला म्हातारा तांडेल म्हणाला, "सायबानू, रंग काय बघतास? तळ बघा, नि तिका चलवतलो कोण ता बघा."

हे शहाणपण चाळीस वर्षं जवळ बाळगून २०२३ च्या ऑगस्टात आम्ही निघालो, तेव्हा मी ते घरीच विसरलो होतो. बोट मुलाने निवडली, मोबाइलवर फोटो बघून. खोलीत खिडकीशी आंघोळीचा टब होता, हे तिचं मुख्य क्वालिफिकेशन. ऑगस्टात दर एवढे स्वस्त का, हे मी विचारलं नाही. बँकेत असतो तर पहिला शेरा तोच मारला असता. जून ते सप्टेंबर हा तिकडचा वादळांचा मोसम. आपल्या लोकांना सोयीचा काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी. तेव्हा हवा बहुधा कोरडी आणि आभाळ स्वच्छ असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांना धुकं आणि भुरभुर पाऊस भेटू शकतो.

आम्ही हनोईहून अडीच तासांचा प्रवास करून धक्क्यावर पोचलो, तर माणूस हात जोडून उभा. वाऱ्याचा इशारा आहे, आज बंदराने परवानगी दिलेली नाही. वर आभाळ निळंभोर. मी तापलो. साठी उलटलेल्या माणसाला परदेशात रागावताना जेवढं इंग्रजी येतं, तेवढं सगळं वापरलं. पैसे परत मागितले, मॅनेजरला बोलावलं. सौ. बाजूला उभी राहून सात वर्षांच्या नातीच्या वेण्या घालत होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, रामदास बोटीची गोष्ट तुम्हीच तिला सांगता ना?"

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आमची पिढी ती गोष्ट ऐकत वाढली. भर पावसाळ्यात निघालेली बोट निघालीच नसती तर, हे वाक्य घराघरांतून किती वेळा बोललं गेलं असेल! आणि इथे एक बोट निघत नव्हती, तर मी तिच्या नावाने शंख करत होतो.

दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली, पण जागा मिळाली ती दुसऱ्या, साध्या बोटीत. टब नव्हता. त्या बोटीवर जे शिकलो ते सांगतो.

'दोन दिवस, एक रात्र' या जाहिरातीचा हिशेब आधी करावा. दुपारी बाराच्या सुमारास बोटीत चढवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उतरवतात. म्हणजे जेमतेम चोवीस तास, त्यात खोली सकाळी साडेनऊ-दहालाच सोडायची. तेव्हा टबापेक्षा गच्ची मोठी असलेली बोट बरी. बघायचं सगळं बाहेर आहे.

मग मार्ग विचारावा. मुख्य हा लाँगमध्ये सुंग सोतची गुहा आणि ती तोप बेट दिसतं, पण तिथे बोटींची गर्दीही तेवढीच. ती तोपच्या माथ्यावर जायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी ध्यानात घ्यावं. दक्षिणेला कात बा बेटाशेजारचं लान हा आणि ईशान्येकडचं बाय तू लाँग, ही दोन्ही पाणी त्यामानाने निवांत. म्हाताऱ्या माणसांसाठी मी लान हा सुचवीन.

रात्री बोट नांगर टाकून उभी असते, पण वातानुकूलनासाठी जनरेटर धडधडत राहतो. मागची, खालची खोली स्वस्त मिळते ती उगाच नाही. पुष्कळ बोटींवरची शिडं निव्वळ शोभेची असतात, चालतं ते इंजिनच. शाकाहारी मंडळींनी आधी कळवावं, कारण तिथे माशाचा सॉस भाजीतही पडतो.

आता तळाची गोष्ट. फेब्रुवारी २०११ मध्ये ती तोपजवळ नांगरून उभी असलेली एक बोट पहाटे तळात पाणी शिरून बुडाली आणि बारा जण गेले. वादळ नव्हतं, माणसं झोपेत होती. जुलै २०२५ मध्ये दिवसाच्या सहलीची एक बोट अचानक आलेल्या वादळात उलटली. तीत पस्तीसहून अधिक माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. ती बातमी वाचली तेव्हा मी पेपर घडी करून ठेवला आणि बराच वेळ काही बोललो नाही.

म्हणून प्रश्न विचारावेत, आणि पैसे भरण्याआधी विचारावेत. बोट किती सालची, सांगाडा लाकडी की पोलादी? खोलीला बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, खिडकी उघडते का? जीवरक्षक जाकिटं खोलीत आहेत का, आणि मुलांच्या मापाची आहेत का? आमच्या कपाटात उशांच्या मागे दोन होती, दोन्ही मोठ्या माणसांची. नातीसाठी मागितल्यावर पंधरा मिनिटांनी एक लहान आलं. ते येईपर्यंत मी जेवणाच्या टेबलावर बसलो नाही. सुनेला थोडं ओशाळं वाटलं असावं, पण तिनेही मग स्वतः ते नातीला घालून पाहिलं.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: बोट निघालीच नाही तर पैशांचं काय? पूर्ण पैसे परत देणारी किंवा तारीख बदलून देणारी कंपनी निवडावी. यात आपला फायदा आहेच, पण ज्या कंपनीने हे आधीच मान्य केलं आहे, तिच्यावर बोट हाकण्याचा मोह आणि दडपण कमी असतं. ते दडपण बरेचदा आपणच आणतो. रजा संपत आलेली असते, पैसे भरलेले असतात, आभाळ निळं दिसत असतं. धक्क्यावर ओरडणारं गिऱ्हाईक कप्तानाला 'नाही' म्हणू देत नाही, आणि त्या दिवशी ते गिऱ्हाईक मीच होतो.

रात्री सुळके काळे झाले, पाण्यावर इतर बोटींचे दिवे हलत होते. नात गच्चीवर आजीच्या मांडीवर झोपून गेली. मी जाकीट तिच्या उशाशी ठेवलं.

पहिल्या बोटीचे निम्मे पैसे काही परत मिळाले नाहीत. परतल्यावर प्रवासाचा हिशेब लिहिताना ती रक्कम कुठे टाकावी, यावर मी थोडा अडलो. सौ. म्हणाली, "बुडीत खात्यात टाका." मी ती विम्याच्या हप्त्यात टाकली.